सुटणें आणि तुटणें

गेल्या पौष महिन्यांत माझ्या हातून दोन वस्तु तुटल्या. आणि मौज अशी कीं, तुटण्याच्या क्षणीं दोन्ही वेळां मला ती वस्तु सुटत आहे असेंच वाटलें होतें. पहिली वस्तु पोलादाची होती, म्हणून तिची दुरुस्ती आठवड्याच्या आंत झाली. दुसरी कशाची होती तें ओघानें सांगेनच. तिची दुरुस्ती अजून चालूं आहे. सुटणें आणि तुटणें या दोन क्रियापदांत अवघ्या एका अक्षराचा फरक आहे. आयुष्याचीं तीस वर्षें मुलांना शिकविण्यांत घालवूनहि त्या एका अक्षराचें वजन मला कळलें नव्हतें. तें नायगांवच्या एका मोटार-मिस्त्रीनें मला शिकविलें.

गोष्ट एका जुन्या व्हॅनची आहे. माझ्या वडिलांनीं ती घेतली तेव्हांच ती दुसऱ्या कोणाची तरी जुनी झालेली होती. ती कोणत्या कारखान्यांत तयार झाली हें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. कारण जें घडलें त्यांत दोष तिचा नव्हता. आमच्या भागांत तिला सगळे 'मॅटॅडोर'च म्हणतात. या नांवाची खरी गाडी पुण्याच्या बजाज टेम्पो कंपनीनें १९६९ सालीं रस्त्यावर आणली, आणि पुढें तें नांव असें कांहीं रूढ झालें कीं, वनस्पति तुपाला जसा डालडा, तसा खेड्यांतल्या प्रत्येक चौकोनी गाडीला मॅटॅडोर हा शब्द चिकटला. वडिलांच्या हयातींत या गाडीनें नरसीच्या बाजाराला मिरच्यांचीं पोतीं नेलीं, देगलूरकडच्या लग्नांना वऱ्हाडें पोंचविलीं, आणि दर मार्गशीर्षांत माळेगांवच्या खंडोबाच्या जत्रेला निम्मी वाडी वाहून नेली. वडील गेले, तेव्हां गाडी विकण्याचा विषय दोनतीन वेळां निघाला. पण तो निघाला कीं आई उठून आंत जाई, आणि विषय तेथेंच राही. आतां मी तिच्यांतून रोज वाडीहून नायगांवच्या शाळेंत जातों, आणि वाटेंतलीं सहासात मुलें बरोबर घेतों. तेवढीच तिची चाकरी उरली आहे.

या गाडीचें इंजिन पुढें नाकांत नाहीं. तें चालकाच्या आणि त्याच्या शेजारच्या बैठकीच्या मधोमध एका पत्र्याच्या पेटीखालीं बसविलेलें आहे. उन्हाळ्यांत ही पेटी चालकाचा पाय भाजते. परंतु थंडीच्या सकाळीं तिच्यासारखी दुसरी शेगडी नाहीं. म्हणून पेटीशेजारची जागा मिळविण्यासाठीं मुलांत भांडणें होत. आणि ती जागा बहुधा पांचवींतल्या एका चुणचुणीत मुलीला मिळे, कारण ती सर्वांच्या आधीं येऊन रस्त्यावर उभी असे.

मार्गशीर्षांत केव्हां तरी गाडी बोलूं लागली. सकाळीं ती चालूं केली कीं पेटीच्या आंतून टक् टक् टक् असा बारीक, कोरडा आवाज येई. इंजिनाचा वेग वाढला कीं आवाजहि त्याच तालावर धांवे. आणि चारपांच किलोमीटर चालून गाडी तापली कीं तो आपोआप बंद पडे. मीं त्याचा अर्थ माझ्या मगदुराप्रमाणें लावला. म्हातारें माणूस पहांटे उठलें म्हणजे त्याचे सांधे वाजतात, आणि चार पावलें चाललें कीं ते मोकळे होतात. तशीच ही गाडी, असें मीं मनाशीं ठरविलें. मला त्या आवाजाचा थोडा लळाहि लागला. वडिलांच्या खोलींतलें जुनें घड्याळ असेंच वाजत असे. भावनाशील माणसाच्या हातीं यंत्र देऊं नये तें याचसाठीं. दुसऱ्याला जेथें बिघाड ऐकूं येतो, तेथें त्याला आठवण ऐकूं येते.

त्याच सुमारास त्या मुलीचें डोकें दुखूं लागलें. शाळेपाशीं उतरली कीं ती कपाळ धरून पायरीवर बसे. "गुरुजी, डोकं दुखतंय, मळमळतंय," असें म्हणे. पहिल्या दिवशीं मीं तिला पाणी दिलें. दुसऱ्या दिवशीं कांहीं खाऊन आलीस का, म्हणून विचारलें. चौथ्या दिवशीं माझ्यांतला मास्तर जागा झाला. पहिला तास गणिताचा, आणि तो माझाच. तेव्हां या दुखण्याचें मूळ पाढ्यांत असलें पाहिजे असा मीं तर्क केला. त्या तर्काला बळकटी आणण्यासाठीं मीं तिच्या आईला विचारलें, "रविवारी दुखतं का हो हिचं डोकं?" ती माउली म्हणाली, "नाही बघा गुरुजी, रविवारी तर दिवसभर हुंदडत असते." मला एवढा पुरावा पुरेसा होता. दुसऱ्या दिवशीं मीं भर वर्गांत म्हटलें, "शाळा असली की दुखणारं आणि सुटी असली की थांबणारं डोकं औषधानं बरं होत नसतं." मुलें हंसलीं. ती खालमानेनें फळ्यापाशीं गेली आणि तिनें सतराचा पाढा न चुकतां म्हटला. त्या दिवसानंतर तिनें पुन्हां डोक्याची तक्रार केली नाहीं. मला वाटलें, गांठ सुटली.

संक्रांत जवळ आली, तेव्हां वाणाचें सामान आणण्यासाठीं मी पत्नीला घेऊन नांदेडला गेलों. सकाळची थंडी होती; कांचा वर केलेल्या होत्या; आणि ती त्या उबदार पेटीला टेकूनच बसली होती. गाडीचा आवाज आतां तापल्यावरहि पुरता थांबत नव्हता. पण मला त्याची इतकी संवय झाली होती कीं, तो मला ऐकूंच येत नव्हता. नांदेडला उतरतांच ती म्हणाली, "डोकं फुटायची वेळ आली आहे."

मी संवयीनें म्हणालों, "ऊन लागलं असेल."

"पौषांत?" ती म्हणाली. "आणि ती पोर महिनाभर हेंच सांगत होती ना तुम्हांला? तिचा गृहपाठ झाला नव्हता म्हणा. मला कुठं गृहपाठ आहे?"

मजजवळ उत्तर नव्हतें. रविवारीं शाळा नसते एवढें मीं पाहिलें होतें. रविवारीं गाडीहि नसते हें मीं पाहिलें नव्हतें. एकच पुरावा, पण मीं तो मुलीविरुद्ध वाचला, आणि तो होता माझ्याविरुद्ध.

त्या संध्याकाळीं कांचा उघड्या टाकून आम्ही कुडकुडत घरीं आलों, आणि मीं पेटीचें झांकण उचललें. आंत इंजिनाच्या मागल्या कोपऱ्यांत काजळीचा एक काळाभोर पंखा उमटलेला होता. इंजिनाच्या चार सिलिंडरांतला जळका धूर ज्या ओतीव लोखंडाच्या फाटेदार नळींत एकत्र होऊन सायलेन्सरकडे जातो, तिला मॅनिफोल्ड म्हणतात. ही नळी इंजिनाच्या हेडला आठ स्टडांनीं आवळलेली असते. स्टड म्हणजे डोकें नसलेला बोल्ट. त्याचें एक टोंक हेडमध्यें आट्यांनीं पेरलेलें आणि दुसऱ्या टोंकावर नट. त्या आठांपैकीं अगदीं शेवटचा स्टड हेडच्या आंत तुटलेला होता. तेथें कागदाएवढी फट पडली होती, आणि इंजिनाच्या प्रत्येक उच्छ्वासाबरोबर त्या फटींतून धूर फटकन् बाहेर पडत होता. वडिलांचें घड्याळ म्हणून मीं ज्याचें कौतुक केलें तो टक् टक् आवाज हाच. इंजिन तापलें कीं लोखंड फुगे, फट मिटे, आणि आवाज थांबे. म्हातारपण वगैरे कांहीं नव्हतें.

या धुराविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. कारण अशा जुन्या गाड्या अद्याप पुष्कळ घरीं आहेत. जळक्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइड या वायूला रंग नाहीं आणि वासहि नाहीं. आणि रक्तांतल्या तांबड्या द्रव्याला तो प्राणवायूच्या दोनशेंहून अधिक पटींनीं घट्ट चिकटतो. डिझेलच्या धुरांत तो पेट्रोलच्या मानानें कमी असतो हें खरें. परंतु डिझेलच्या धुराबरोबर सूक्ष्म काजळी आणि दुसरे झोंबरे वायुहि येतात. डोकेंदुखी, मळमळ, डोळ्यांची आग हीं त्याचीं पहिलीं बोलणीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २०१२ सालीं हा धूर मनुष्यास कर्करोगकारक असल्याचें जाहीर केलें आहे. कांचा लावलेल्या गाडींत, त्या फटीपासून हातभर अंतरावर, मीं एका दहा वर्षांच्या मुलीला ऊब म्हणून बसवीत होतों, आणि तिनें तें तोंडानें सांगितलें तेव्हां तिला सतराचा पाढा म्हणावयास लावीत होतों.

पश्चात्तापाचा एक दोष असा आहे कीं, तो माणसाला घाई करावयास लावतो. दुसऱ्या दिवशीं रविवार होता. आजच्या आज ही फट बुजवावयाची, असा निश्चय करून मी वडिलांचे पाने घेऊन बसलों. तुटलेला स्टड काढण्यासाठीं आधीं मॅनिफोल्ड उतरविणें भाग होतें, आणि त्यासाठीं उरलेले सात नट सोडावयाचे होते. पहिलाच नट हलेना. तेव्हां मीं पान्याच्या दांड्यावर दोन हात लांबीचा एक पाईप चढविला. पुरेशी लांब तरफ दिली तर पृथ्वी हलवून दाखवीन, असें आर्किमिडीज म्हणाल्याचें आपण मुलांना सांगतों. परंतु हललेली पृथ्वी शाबूत राहील असें तो म्हणाला नव्हता, हें सांगावयाचें राहून जातें.

मीं सारें अंग पाईपवर टाकलें. नट क्षणभर दगडासारखा राहिला. आणि मग एकाएकीं तो मऊ झाला. त्या मऊपणाचें सुख काय वर्णावें! पाना हळुवार फिरूं लागला. "सुटला!" असें मी मोठ्यानें ओरडलों. लगेच भुईमुगाची शेंग फुटावी तेवढाच आवाज झाला आणि नट, नटामधल्या स्टडाच्या तुकड्यासह, माझ्या पायाशीं पडला. एका अनुभवानें शहाणें होण्याचें भाग्य माझें नसल्यामुळें मीं शेजारच्या नटावर तोच प्रयोग केला. तोहि तसाच मऊ झाला, तसाच फिरला, आणि तसाच पडला. सकाळीं एक स्टड तुटलेला होता. दुपारीं तीन झाले.

नायगांवांत नरसीच्या रस्त्याला एका कडुनिंबाखालीं साठी उलटलेल्या एका मिस्त्रीचें दुकान आहे. त्यावर पाटी नाहीं. वाचकांची परवानगी असेल तर मीहि त्याला नुसतें मिस्त्री म्हणतों. सारें गांव तसेंच म्हणतें. सोमवारीं त्यानें इंजिनापाशीं वांकून तीनहि तुटक्यांवरून बोट फिरविलें आणि मला एवढेंच विचारलें, "गुरुजी, तुटायच्या आधी हाताला मऊ लागलं का?"

"हो. मला वाटलं सुटलं."

"सगळ्यांना तसंच वाटतं," तो म्हणाला. "सुटणारा नट आधी ओरडतो, मग हलतो. तुटणारा ओरडत नाही. गप्प होतो अन् मऊ पडतो. गप्प झाला की हात काढून घ्यायचा, गुरुजी. तिथं जोर कामाचा नाही, दम पाहिजे."

पोलादाचें शास्त्रहि हेंच सांगतें. ताण मर्यादेबाहेर गेला कीं पोलाद प्रथम ताणलें जातें, पीळ खातें, आणि मगच तुटतें. हाताला लागणारा मऊपणा म्हणजे त्याचें शेवटचें ताणलें जाणें. परंतु मिस्त्री बोलत असतां मला पोलाद दिसत नव्हतें. सतराचा पाढा न चुकतां म्हणून, गप्प होऊन जागेवर जाऊन बसलेली ती मुलगी मला दिसत होती. तीहि आधीं ओरडली होती.

मिस्त्रीनें त्या दिवशीं पाना हातांतच घेतला नाहीं. रॉकेल आणि तेल यांचें मिश्रण त्यानें प्रत्येक आट्यावर थेंब थेंब सोडलें, आणि "उद्या" असें म्हणून तो दुसऱ्याच्या ट्रॅक्टरकडे वळला. माझ्या घाईला तो अपमान वाटला. मीं विचारलें, "पण मुळांत हे तुटतात कां?"

"धाव चढवताना बघितलंत ना लहानपणी?" त्यानें उलट विचारलें.

पाहिली होती. आमच्या वाडींत घिसाडी येत. गाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवावयाची म्हणजे तो एक सोहळाच असे. गोवऱ्यांच्या वर्तुळांत धाव लालबुंद होई, तापून ती बोटभर मोठी होई, मग चौघे जण चिमट्यांनीं ती उचलून चाकावर बसवीत, घणाचे चार घाव घालीत, आणि वरून पाणी ओतीत. वाफेचा लोट उठे, लाकूड कण्हे, आणि निवतां निवतां ती धाव चाकाला असें आवळी कीं, मग तें चाक पंधरा पावसाळे पाहून घेई. तेंच येथें रोज घडत असतें. हेडभोंवतीं पाणी खेळत असल्यामुळें त्याची उष्णता शंभर अंशांच्या आसपास राहते. मॅनिफोल्ड मात्र चारशें अंशांपर्यंत सहज जातो. अर्धा मीटर लांबीचें ओतीव लोखंड चारशें अंश तापलें तर सुमारें दोन मिलिमीटर वाढतें. हेड तितकें वाढत नाहीं. मग त्या वाढीचा ओढा कोणी सोसावयाचा? तर मधल्या स्टडांनीं थोडा आणि कडेच्या स्टडांनीं सर्वांत अधिक. रोज तापणें, रोज निवणें, रोज केसभर इकडे आणि केसभर तिकडे. आणि एके दिवशीं कडेचा गडी मोडतो. मग त्याचा भार शेजाऱ्यावर येतो. तशांत आटे गंजानें जखडलेले. माझ्या पाईपनें जे दोन तुटले, ते पुष्कळ दिवस गुपचूप ओझें वाहणारे होते.

वाङ्मयाच्या मासिकांत हें नटबोल्टांचें पुराण कशाला, असें कोणी म्हणेल. परंतु मराठींत लोखंड आणि अक्षर यांचें वैर कधींच नव्हतें. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं आपला लोखंडी नांगर १९०३ मध्यें केला. त्या नांगरानें जमीन विषारी होईल या भीतीनें शेतकरी प्रथम त्याला हात लावावयास तयार नव्हते. त्याच कारखान्यांतून १९२० मध्यें 'किर्लोस्कर खबर' निघालें, आणि ओतशाळेच्या धुरांत जन्मलेलें तें पत्र पुढें मराठी घरांतलें आवडतें मासिक झालें. आटा हा तर मला लिपीसारखाच वाटतो. इंग्लंडांत पूर्वीं प्रत्येक कारखान्याचा आटा निराळा असे. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टला बसत नसे. जोसेफ व्हिटवर्थ यानें १८४१ सालीं सर्वांसाठीं एकच माप सुचविलें. तेव्हांपासून लोखंडाला जणूं प्रमाणभाषा मिळाली. अर्थात् प्रमाणभाषेनें व्यवहार सोपा होतो, पण गंजलेलें मन मोकळें होत नाहीं. त्याला निराळी विद्या लागते.

ती विद्या मीं दुसऱ्या दिवशीं पाहिली. मिस्त्रीनें उरलेल्या पांच नटांवर एकेक करून गॅसची ज्योत धरली, नट काळ्याचा तांबूस झाला कीं ती दूर केली, आणि आट्याच्या मुळाशीं मेणबत्ती टेंकविली. वितळलेलें मेण आट्यांत आपोआप ओढलें गेलें. मग आखूड पाना लावून त्यानें नट प्रथम उलट, म्हणजे आवळण्याच्याच दिशेला, केसभर फिरविला. मी चकित झालों. "सोडायचा आहे ना?" "म्हणूनच," तो म्हणाला, "त्याला आधी जायचं तिकडं जरा जाऊ द्या." नट कर्रकन् ओरडला. मग थोडा पुढें, थोडा मागें, पुन्हां मेण, पुन्हां थोडा पुढें, थोडा मागें. पांचहि नट शाबूत निघाले. पाईप बिचारा भिंतीला टेंकून उभा होता.

माझ्या पराक्रमाच्या दोन स्टडांपैकीं एकाचे चार आटे हेडच्या बाहेर शिल्लक होते. त्यावर एक मोठा नट ठेवून मिस्त्रीनें तो आंतून वेल्डिंगनें जोडला. तापून लाल झालेला तो गोळा निवेपर्यंत त्यानें त्याला हात लावला नाहीं. चहा मागविला, शेजाऱ्याशीं हरभऱ्याच्या पिकाविषयीं बोलला. मग पाना लावला, आणि स्टड कुरकुरत बाहेर आला. दुसरा हेडच्या सपाटीला तुटला होता. त्यावर वितळलेल्या धातूचे थेंब रचून त्यानें प्रथम एक बुटका खुंट केला, त्यावर वायसर, त्यावर नट. दोनदां जोड उखडला, तिसऱ्यांदा निघाला. दोन्ही वेळां त्यानें ना कपाळावर हात मारला, ना स्टडाला शिवी दिली. मीं मनांत हिशेब केला. तिसऱ्यांदा चुकणाऱ्या मुलाशीं मी कसा वागतों?

शेवटचा, म्हणजे आपण होऊन तुटलेला, खोल गेला होता. तेथें वेल्डिंग पोंचेना. आतां ड्रिलनें त्याचें पोट पोखरावयाचें होतें. नेमका मध्य शोधण्यांत मिस्त्रीनें अर्धा तास घालविला. चष्मा बदलला, दिवा बदलला, पंचाची खूण बारीक छन्नीनें सरकविली. "सुरुवात सुताभर चुकली तर शेवट हेडात जाऊन बसतो," तो म्हणाला. प्रथम सुईसारखें बारीक भोंक, मग थोडें मोठें, मग त्याहून मोठें. शेवटीं स्टडाचें नुसतें टरफल उरलें, तें त्यानें टोच्यानें आंतल्या आंत दुमडून बाहेर काढलें. नंतर आटे साफ करण्यासाठीं टॅप घातला आणि तो माझ्या हातीं दिला. "अर्धा फेरा पुढं, पाव फेरा मागं. टॅप कडक असतो, गुरुजी. कडक ते लवकर मोडतं, अन् आत मोडलं तर त्याला ड्रिलपण लागत नाही." मीं तीस वर्षांच्या नोकरींत इतक्या सावधपणें कशालाहि हात लावला नव्हता.

एवढें झालें तरी मिस्त्री मॅनिफोल्ड चढवीना. त्यानें त्याच्या तोंडावर पोलादी पट्टी ठेवून पलीकडे दिवा धरला. पट्टीखालून उजेडाची रेघ दिसली. वर्षानुवर्षांच्या तापण्यानें तो धनुष्यासारखा वांकला होता. असा वांकडा मॅनिफोल्ड नव्या स्टडांनीं ओढून बसविला तर नवेहि तुटणार. खरा रोग तो होता. तुटलेला स्टड ही नुसती आरोळी. मग तो मॅनिफोल्ड पोत्यांत गुंडाळून मीं एस.टी.नें नांदेडला नेला आणि तेथल्या एका कारखान्यांत त्याचें तोंड सपाट करून आणलें. वाहकानें पोतें उचलून पाहिलें आणि "गुरुजी, देव आहे की काय आत?" असें विचारलें. मीं म्हटलें, "अनुभव आहे." त्यानें त्याचें तिकीट घेतलें नाहीं.

आठ नवे स्टड, नवें पॅकिंग, आणि लोखंडाशीं गंजून एकजीव होऊं नयेत म्हणून पितळी नट. मिस्त्रीनें ते मधून कडेकडे, एकदां हलके, दुसऱ्यांदा बेताचे आणि तिसऱ्यांदा पुरते आवळले. आणि आठवड्यानें गाडी थंड असतां पुन्हां आणावयास सांगितलें. "नवीन जोडणं एका दिवसात बसत नसतं," तो म्हणाला. गाडी चालूं झाली. टक् टक् बंद झालें होतें. त्या शांततेंत मला वडिलांच्या काळचा तिचा खरा आवाज कित्येक वर्षांनीं ऐकूं आला.

आतां दुसऱ्या वस्तूविषयीं. शाळेंत गेल्यावर पहिल्याच तासाला मीं सर्व मुलांसमक्ष सांगितलें कीं, डोकें खरेंच दुखत होतें, चूक गुरुजींची होती, आणि गुरुजी त्याबद्दल क्षमा मागत आहेत. मुलें स्तब्ध झालीं. मला वाटलें, ती हंसेल. ती पाटीकडे पाहत बसली. तिच्या घरीं जाऊन आईला सारी हकीकत सांगितली, तालुक्याच्या डॉक्टरांकडून तिला तपासून घेतलें. काळजीचें कारण नव्हतें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पेटीशेजारची जागा मीं तिच्यासाठीं राखून ठेवली. ती मुकाट्यानें मागें गेली आणि शेवटच्या बाकावर, खिडकीशीं, कांच उघडून बसली. "अग, दुरुस्त झाली आहे गाडी, ये पुढं," असें मी म्हणालों. तिनें मान हलविली. "ये, मी सांगतो ना!" असें मी पुन्हां म्हणालों, आणि माझ्या आवाजांत मला तो दोन हात लांबीचा पाईप ऐकूं आला. मी गप्प झालों. क्षमा मागितली म्हणजे समोरच्यानें ती ताबडतोब दिलीच पाहिजे, हाहि एक जोरच.

त्या दिवसापासून मीं तिला पुढें बोलाविलें नाहीं. पेटीशेजारची जागा कोणीहि घ्यावी. वर्गांत कोणाचें पोट दुखलें, कोणाला चक्कर आली, तर मी आतां आधीं पाढे विचारीत नाहीं. त्या दिवशीं तो काय जेवला, कोठून आला, कशांत बसून आला, हें विचारतों. ओरडणारें मूल मला पूर्वीं त्रासदायक वाटे. आतां गप्प बसणाऱ्याची भीति वाटते.

माघ संपत आला आहे. थंडी ओसरली, शेगडीची गरज उरली नाहीं; पुढच्या जागेसाठीं आतां भांडणेंहि होत नाहींत. परवां सकाळीं ती मुलगी शेवटच्या बाकावरून उठून मधल्या बाकावर आली. का आली, मीं विचारलें नाहीं. आरशांतून पाहिलें तेवढेंच. काल ती पुन्हां शेवटच्या बाकावर होती. आज मधल्या बाकावर आहे. थोडें पुढें, थोडें मागें. मिस्त्रीनें सांगितलें आहे कीं, असेंच चालूं द्यावें.